‘कसं?’ या प्रश्नाचा इतिहास : वऱ्हाडातली इंग्रजी आणि रीतिवाचक क्रियाविशेषण

(जुने शहर, अकोला येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून दोन-तीन जणांनी आम्हाला दारातच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा व्याकरणाचा तास कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की चुकांनाही इतिहास असतो. आपल्या मुलांच्या वहीत लाल शाईने खोडलेलं एक वाक्य आज आम्ही घेऊन आलो आहोत. ते वाक्य तिथं कसं आलं, ते दीडशे वर्षं मागं जाऊन बघायचं आहे.

वाक्य असं : ‘शी सिंग्स गुड.’

मास्तरांनी ‘गुड’ खोडून ‘वेल’ लिहिलेलं असतं आणि अर्धा मार्क कापलेला असतो. मुलगी घरी विचारते, की ‘गुड’ म्हणजे चांगलं, मग चुकलं कुठं? घरात त्याचं उत्तर कुणापाशी नसतं. पुष्कळदा वर्गातही नसतं. ‘इंग्रजीत असंच असते’ हे आपल्याकडचं जुनं उत्तर. आमच्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलं, मोठे झाल्यावर दुसऱ्यांना दिलंही. आज ते उत्तर जरा बाजूला ठेवू.

आधी नाव. वाक्यातली क्रिया कशी घडली, हे सांगणाऱ्या शब्दाला आपण रीतिवाचक क्रियाविशेषण म्हणतो. हळू, पटकन, नीट, मुद्दाम, काळजीपूर्वक, हे सगळे त्यातले. ‘कसं?’ असा प्रश्न क्रियापदाला विचारायचा. जे उत्तर येईल ते रीतिवाचक. ‘केव्हा?’चं उत्तर कालवाचक, ‘कुठं?’चं स्थलवाचक. शाळेत हे पाठ असतं. पण ही चौकट आली कुठून?

आपली संस्कृतची जुनी परंपरा शब्दांचे विभाग वेगळे पाडत होती. यास्काने चार सांगितले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीच्या व्यवस्थेत सुबन्त आणि तिङन्त हे मुख्य. क्रियेचं विशेषण ही कल्पना संस्कृतात होतीच. ‘मन्दं गच्छति’ म्हणताना ‘मन्द’ हे विशेषण नपुंसकलिंगी द्वितीया एकवचनात ठेवलं, की काम भागत असे. पण क्रियाविशेषण नावाची स्वतंत्र ‘शब्दाची जात’ करून तिला नामाच्या आणि क्रियापदाच्या शेजारी बसवायचं, ही मांडणी आपल्याकडे आली ती इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने.

त्या वाटेवरचं मोठं नाव लिंडली मरे. मूळचा अमेरिकेतला वकील, पुढे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ राहायला गेला. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने इंग्रजी व्याकरण लिहिलं, ते १७९५ साली छापलं गेलं आणि पुढची पन्नासेक वर्षं इंग्रजी जिथं जिथं शिकवली गेली तिथं तिथं पोचलं. मरेने इंग्रजी शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ नाहीत, म्हणजे त्यातली एक जात आपसूक गळते. उरल्या आठ. आपल्या शाळेतल्या आठ जाती मोजून पाहा, हिशोब जुळतो.

मराठीच्या बाजूने पाया घातला दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघालं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे मोरो केशव दामले यांनी, म्हणजे कवी केशवसुतांच्या बंधूंनी, १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ काढला आणि इंग्रजी-संस्कृत साच्यात बसवलेली मराठी नीट बसते का, हे शब्दाशब्दाला तपासलं. मराठीत एकच शब्द इथं विशेषण तर तिथं क्रियाविशेषण होतो, ही अडचण व्याकरणकारांना तेव्हापासून ठाऊक आहे. शाळेच्या फळ्यापर्यंत मात्र ती पोचली नाही.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा, असं हे चमत्कारिक प्रकरण होतं. १८६७ पर्यंत भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. तिच्या वाटेवर अकोला आलं आणि कापसाला मुंबईचा बाजार मिळाला. आपण आत्ता बसलो आहोत तो मोर्णेचा पश्चिम काठ. इथं असदगड, इथं राजराजेश्वराचं देऊळ, इथं जुनी वस्ती. पलीकडच्या काठाला ताजनापेठ, सरकारी कचेऱ्या, साहेबांचे बंगले. जुन्या शहरातल्या माणसाला इंग्रजीचं काम पडलं की नदी ओलांडावी लागे.

आणि काम काय पडे? अर्ज. जमिनीचा, वारसाचा, नोकरीचा, दंड माफीचा. कागद मोडीत लिहिणारे इथं पुष्कळ होते. पण वरच्या साहेबापर्यंत जायचं तर इंग्रजी अर्ज हवा, आणि तो लिहिणारा वेगळा. त्या काळच्या इंग्रजी अर्जाचा एक ठरलेला साचा साऱ्या हिंदुस्थानात चाले. सुरुवातीला ‘रिस्पेक्टफुली शोएथ’. मधे ‘आय हंबली बेग’. मग ‘काइंडली’. शेवटी ‘फेथफुली’ किंवा ‘ओबीडियंटली’.

हे शब्द कोणते, ते बघा. आदराने, नम्रपणे, कृपा करून, निष्ठेने. सगळी रीतिवाचक क्रियाविशेषणं! व्याकरणाचं पुस्तक हातात पडायच्या आधीच आपल्या पणजोबांना इंग्रजीतली ही जात भेटली ती अर्जाच्या कागदावर, आणि वाकलेल्या कमरेने भेटली. काम कसं केलं हे सांगण्याऐवजी साहेबापुढे कसं उभं राहायचं, तेवढंच ती सांगत होती.

याचा एक परिणाम झाला, तो अजून आहे. अर्जातली ती वाक्यं आपल्याकडे अचूक येत, कारण ती पाठ होती. ‘आय हंबली बेग’मध्ये ‘हंबली’ क्रियापदाआधी का आणि ‘युवर्स फेथफुली’त ‘फेथफुली’ शेवटी का, हे कुणी विचारलं नाही. साचा बरोबर असला की भागत असे. साच्याबाहेर, स्वतःच्या मनातलं वाक्य करायची वेळ आली की गाडी अडे. आजही नोकरीच्या अर्जात ‘काइंडली’ बिनचूक लिहिणारा पदवीधर मुलाखतीत ‘तुम्ही हे काम कसं केलंत?’ या प्रश्नाला अडखळतो. ‘कसं’ सांगायला लागणारा शब्द त्याला येत असतो. तो वाक्यात कुठं ठेवायचा, याचा धीर नसतो.

पण फक्त अर्जांवर थांबलो तर वऱ्हाडावर अन्याय होईल. याच मातीत इंग्रजी पचवून तिच्याशी बरोबरीने वागणारी माणसंही झाली. अकोल्याशी जवळचा संबंध असलेले विष्णू मोरेश्वर महाजनी घ्या. जन्म १८५१. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात ते मोठ्या हुद्द्यापर्यंत चढले. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून त्यांनी ‘तारा’ नाटक केलं, ते १८७९ सालचं. ‘द विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’, ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’वरून ‘वल्लभानुनय’. १९०७ सालच्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पाच वर्षांनी, १९१२ साली, संमेलन आपल्या अकोल्यातच भरलं; अध्यक्ष हरि नारायण आपटे.

महाजनींच्या त्या तिसऱ्या नाटकाचं मूळ नाव पुन्हा ऐका. ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल.’ त्यात ‘वेल’ दोनदा येतो. पहिला ‘वेल’ म्हणजे सगळं ठीक आहे. स्थिती सांगतो, म्हणून विशेषणासारखा. दुसरा ‘वेल’ म्हणजे नीट संपतं. क्रिया कशी घडते ते सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. एकच शब्द, एकाच वाक्यात दोन जातींचा. ज्याला वाटतं इंग्रजीचे खण पक्के बांधलेले आहेत, त्याने हे नाव भिंतीवर लावून ठेवावं.

दुसरं नाव अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, जन्म १८५४. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, अमरावतीला वकिली केली. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत झालं, त्यातही ते पुढे होते. टिळकांना मंडालेची शिक्षा झाल्यावर १९०८ साली त्यांच्या खटल्यासाठी हे विलायतेला गेले. आणि वर्षानुवर्षं ते रोजनिशी लिहीत, ती इंग्रजीत. आज कोण आलं, काय बोललं, दिवस कसा गेला, असा साधा मजकूर. अर्जातली इंग्रजी आणि रोजनिशीतली इंग्रजी यांत हाच फरक. पहिली दुसऱ्याच्या रीतीने लिहायची, दुसरी आपल्या रीतीने.

मग बाकीच्यांना ती दुसरी इंग्रजी का मिळाली नाही? पुस्तकं तर होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला महाराष्ट्रात घरोघर होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफील्डचं व्याकरण आलं. हा नेसफील्ड उत्तर हिंदुस्थानातल्या शिक्षणखात्यातला अधिकारी, त्याने हिंदी मुलांसाठीच ते लिहिलं होतं. १९३५ च्या सुमारास रेन आणि मार्टिन यांचं आलं, ते तर आजही दुकानात मिळतं. या सगळ्यांत क्रियाविशेषणांचे प्रकार आहेत, व्याख्या आहेत, रिकाम्या जागा आहेत. नाही ती एकच गोष्ट : मराठी बोलणारं मूल इथं नेमकं कुठं आणि का घसरतं. इंग्रजी लेखकाला ते दिसणं शक्य नव्हतं. ते आपण बघायला हवं होतं. आता बघू.

पहिली घसरण म्हणजे आपलं ‘शी सिंग्स गुड’. मराठीत आपण काय म्हणतो? ‘तो चांगला गातो.’ ‘ती चांगली गाते.’ गाण्याची रीत सांगायची आहे, पण शब्द गाणाऱ्याप्रमाणे बदलला! ‘तिनं भाकर चांगली भाजली’, ‘तिनं वांगं चांगलं भाजलं’. इथं तो भाजलेल्या वस्तूप्रमाणे बदलला. म्हणजे मराठीत रीत सांगणारा शब्द पुष्कळदा विशेषणाच्याच वेषात येतो आणि कर्त्याचं किंवा कर्माचं लिंग-वचन घेऊन फिरतो. मराठी मुलीच्या मनात ‘चांगली’ हा एकच शब्द आहे, मुलीलाही तोच, गाण्यालाही तोच. तिने इंग्रजीत ‘गुड’ लिहिलं, म्हणजे आपल्या भाषेचा नियम तिने इमानाने पाळला. चूक झाली ती नियम पाळल्यामुळे.

हे तिला सांगितलं की पुढचं सोपं आहे. इंग्रजीत माणसाचं किंवा वस्तूचं वर्णन असेल तर ‘गुड’, क्रियेचं असेल तर ‘वेल’. ‘शी इज अ गुड सिंगर’, पण ‘शी सिंग्स वेल’. मराठीत चाचणी हवी असेल तर ‘चांगली’च्या जागी ‘नीट’ घालून बघा. ‘नीट’ कुणाप्रमाणेही बदलत नाही. ‘ती नीट गाते’ म्हणता येतं, म्हणजे क्रियेचं वर्णन आहे, ‘वेल’ हवं. ‘ती नीट मुलगी आहे’ असं कुणी म्हणत नाही, तिथं ‘गुड’.

दुसरी घसरण जागेची. ‘तो अस्खलित इंग्रजी बोलतो’ हे मराठी वाक्य. शब्दाला शब्द ठेवला की होतं ‘ही स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’. इंग्रजीला हे चालत नाही. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे ती सहसा कुणाला बसू देत नाही. रीत सांगणारा शब्द कर्मानंतर जातो : ‘ही स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’. किंवा क्रियापदाआधी : ‘शी केअरफुली ओपन्ड द बॉक्स’. कर्म फार लांबलचक असेल तेव्हा ही क्रियापदाआधीची जागा बरी, नाहीतर शब्द पार शेवटी जाऊन हरवतो. कर्मणी वाक्यात तो कृदंताच्या अगदी आधी बसतो : ‘द रोड वॉज बॅडली बिल्ट’. हे वाक्य आपल्याला उदाहरण म्हणून शोधावं लागत नाही.

आता पूर्ण वाक्य घेऊ. ‘काल देवळात ती छान गायली.’ मराठीचा ओघ बघा : आधी काळ, मग ठिकाण, मग रीत, शेवटी क्रिया. इंग्रजीत : ‘शी सँग ब्यूटिफुली ॲट द टेम्पल येस्टरडे.’ क्रिया, रीत, ठिकाण, काळ. बरोबर उलट क्रम! नदीच्या पाण्यात किल्ला उलटा दिसावा तसा. पण दोन्ही भाषांत एक गोष्ट समान राहिली. रीत सांगणारा शब्द क्रियेच्या शेजारीच आहे. ठिकाण आणि काळ त्याच्या पलीकडे. एवढं एक चित्र फळ्यावर काढलं तर दहा नियमांचं काम होतं.

जागेवरून अर्थही बदलतो. ‘ही आन्सर्ड फूलिशली’ म्हणजे त्याने वेड्यासारखं उत्तर दिलं. ‘ही फूलिशली आन्सर्ड’ म्हणजे उत्तर दिलं हाच वेडेपणा, गप्प बसायला हवं होतं. मराठीत हा फरक करायला आपल्याला वाक्यच वेगळं करावं लागतं. कोर्टात साक्ष देणाऱ्याला, करार वाचणाऱ्याला असा फरक महागात पडू शकतो, म्हणून तो किरकोळ समजू नये.

तिसरी घसरण शेपटीची. ‘शेवटी एल-वाय लावा’ हा नियम मुलांना शिकवतात, आणि मग ‘ही रन्स फास्टली’ येतं. ‘फास्ट’ला शेपटी नाही. ‘हार्ड’ला शेपटी लावली की ‘हार्डली’, म्हणजे जेमतेम, क्वचितच. ‘आय वर्क्ड हार्डली’ असं मुलाखतीत म्हटलं तर ऐकणारा त्यातून उलटंच काहीतरी काढेल. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. उलट ‘फ्रेंडली’ला शेपटी आहे पण ते विशेषण, क्रियेसाठी ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणावं लागतं.

हे असं का? इथंही ‘इंग्रजीत असंच असते’ म्हणायची गरज नाही, कारण आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता एक ‘ए’सारखा हलका स्वर जोडून क्रियाविशेषण करत. काळाच्या ओघात शब्दांच्या शेवटचे हे स्वर गळून पडले. ‘हार्ड’, ‘फास्ट’ त्या पडझडीतून तसेच उरले, म्हणून दोन्हीकडे सारखे दिसतात. आणि ‘ली’ ही शेपटी आली ‘लीक’ या जुन्या शब्दावरून. त्याचा अर्थ शरीर, रूप. इंग्रजीतला ‘लाइक’, म्हणजे ‘सारखा’, त्याच घरातला. म्हणजे ‘काइंडली’ म्हणजे मुळात दयाळू रूपाने. फ्रेंचमध्ये याच कामाला ‘माँ’ लावतात, स्पॅनिशमध्ये ‘मेंते’. ते लॅटिनमधल्या मन या अर्थाच्या शब्दावरून आलं. कुणी रूपाने म्हणालं, कुणी मनाने म्हणालं. आणि आपण? आपण ‘मन लावून’, ‘मनापासून’ म्हणतोच की. ‘-पणे’ लावतो, ‘-ने’ लावतो, ‘-पूर्वक’ लावतो, आणि ‘-रीत्या’ लावतो. ‘रीत्या’ म्हणजे ‘रीति’ची संस्कृत तृतीया : रीतीने. हल्ली बातम्यांत ‘यशस्वीरित्या’ असं ऱ्हस्व लिहितात. रित्या म्हणजे रिकाम्या. यश मिळवलं आणि लगेच रिकामंही केलं!

चौथी गोष्ट, ही घसरणीपेक्षा अडखळणं आहे. मराठीची खरी श्रीमंती रीत सांगण्यात आहे. गटागटा पितो, खसाखसा घासतो, रमतगमत येतो, टक लावून बघतो, लपतछपत जातो. मूल या शब्दांना इंग्रजीत ‘ली’वाला जोडीदार शोधतं आणि सापडत नाही म्हणून गप्प बसतं. सापडणार नाहीच, कारण इंग्रजीने पुष्कळदा ती रीत क्रियापदाच्या पोटात घातली आहे. गटागटा पिणं म्हणजे ‘गल्प’. खसाखसा घासणं म्हणजे ‘स्क्रब’. रमतगमत चालणं ‘स्ट्रोल’, टक लावून बघणं ‘स्टेअर’. दोन शब्दांचं काम एकाने केलं. ‘तो धावत आला’ला मात्र सरळ जोडी आहे : ‘ही केम रनिंग’. मुलांना ही यादी वऱ्हाडी बोलीपासून सुरू करून द्या. घरात बोलतो ते शब्द इंग्रजीच्या वर्गात भांडवल म्हणून वापरता येतात, हे कळलं की पोरांचा चेहरा बदलतो. हे आम्ही बघितलेलं आहे.

पाचवी आणि शेवटची. काही क्रियापदांपुढे रीत सांगायची नसतेच. ‘आंबा गोड लागतो.’ इंग्रजीत ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’. इथं ‘स्वीटली’ नाही, कारण आंबा काही चाखत नाही. गोडपणा आंब्याचा आहे. दिसणं, वाटणं, वास येणं, चव लागणं, यांच्यापुढे इंग्रजीत विशेषण येतं. गंमत अशी, की मराठी मूल हे वाक्य आधी बरोबरच लिहितं. ‘ली’चा नियम शिकल्यावर ते बिघडवतं. नियम अर्धा शिकवला की असंच होतं.

आता समारोपाकडे. या सगळ्यात पणाला काय लागलंय? अर्धा मार्क? तो परत मिळेल. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशी गाठलेल्या पिढीने दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून शाळा सोडली. त्यांतली कितीतरी मुलं आपल्याला म्हणतात, ‘मले समजते, पण बोलता येत नाही.’ हे वाक्य नीट ऐका. अडसर शब्दांचा नाही. चूक झाली तर हसतील, ही भीती आहे. आणि ती भीती त्या जुन्या अर्जाच्या कागदावरून उतरलेली आहे, असं आम्हाला वाटतं. नदीपलीकडच्या कचेरीत चुकीचं वाक्य घेऊन जायची लाज. साहेब गेला, कचेऱ्या बदलल्या. लाज मात्र पिढ्यान्‌पिढ्या वर्गात बसून राहिली.

तिच्यावर उपाय महागडा नाही. मुलीने ‘शी सिंग्स गुड’ लिहिलं, की खोडायच्या आधी तिला विचारायचं : ‘तू मराठीत काय म्हणतेस?’ ती म्हणेल, ‘ती चांगली गाते.’ मग सांगायचं, ‘बरोबर. मराठीत हा शब्द गाणारीशी जुळतो. इंग्रजीत तो गाण्याशी जुळवायचा असतो.’ एवढंच. तिची भाषा चुकीची नाही, दुसऱ्या भाषेची रीत वेगळी आहे, हे तिला कळतं. जिला दोन रीती कळल्या ती दोन्हींत वावरते.

एका श्रोत्याचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : ‘इंग्रज-अमेरिकन स्वतःच ड्राइव्ह स्लो, डुइंग गुड म्हणतात, मग आमचेच मार्क का कापता?’ फार चांगला प्रश्न. ‘स्लो’ हे क्रियाविशेषण म्हणून जुनंच आहे, ‘हार्ड’, ‘फास्ट’सारखं. अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथ आणि पुढे लिंडली मरे यांच्यासारख्या व्याकरणकारांनी अशा बिनशेपटीच्या रूपांवर डोळे वटारले, तेव्हापासून शिष्ट लेखनात ‘स्लोली’ला मान मिळाला. ‘गुड’ बोलण्यात चालतं, परीक्षेत आणि कामाच्या कागदावर चालत नाही. तेव्हा परीक्षेत ‘वेल’ लिहा. पण मनात हे असू द्या, की तिथंही नियम आभाळातून पडलेला नाही; माणसांनी ठरवला आहे आणि माणसं त्यावरून अजून वाद घालतात. तुमच्या मुलीची चूक एका जिवंत वादातली आहे. तिला हसू नका.

आज घरी गेल्यावर एक करा. मुलांना दिवसभरातल्या एका कामाबद्दल विचारा : कसं केलंस? आधी मराठीत सांगू द्या, भरभरून सांगू द्या. मग तेच इंग्रजीत. चुकेल. चुकू द्या, आणि का चुकलं ते दोघांनी मिळून शोधा.

सावकाश ऐकलंत, मन लावून ऐकलंत.